रुग्णालयांच्या जनरेटरचे ऑइल तपासा

संपादक महोदय,

मी सातारा जिल्ह्यात रुग्णालयांचे डिझेल जनरेटर सांभाळतो. बहुतेक ठिकाणी इंजिन चालण्याचे ठरलेले तास भरले की ऑइल बदलतात, जुने तपासणीविना भंगारात जाते. वाईट वाटते, इंजिनाची सगळी हकीकत त्यातच असते. तपासणीच्या अहवालात ऑइलमधले लोह वाढलेले दिसले तर लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) झिजतोय, शिसे-तांबे वाढले तर बेअरिंग. माण-खटावच्या धुळीत सिलिकॉनकडे आधी बघावे; ते धुळीतून येते, त्यावरून एअर फिल्टर धूळ अडवतोय का ते कळते. सोडियम वाढले तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) ऑइलमध्ये गळतेय अशी शंका घ्यावी. नमुना गरम इंजिनातून, स्वच्छ बाटलीत घ्यावा. तळाचा गाळ नको. मागचे अहवालही शेजारी ठेवावेत, एका आकड्यावर इंजिन खोलू नये. अतिदक्षता विभाग ज्या इंजिनाच्या भरवशावर आहे, त्याची ही तपासणी देखभाल करारात सक्तीची करावी.

– एक जनरेटर तंत्रज्ञ, सातारा