तीन वर्षांखालच्या मुलांचा खेळगट : वैशालीला पत्र

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तळमजल्याच्या दोन खोल्यांत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांचा खेळगट सुरू करायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. पत्रासोबतची खरेदीची यादीही नीट वाचली. त्यातलं बरंचसं सामान घेऊ नकोस, असं लगेच कळवावंसं वाटलं. फ्लॅशकार्ड, बटण दाबलं की गाणारी जनावरं, मुळाक्षरांच्या रंगीत गाद्या, भिंतीवरचा टीव्ही आणि ते चार वॉकर यादीतून काढून टाक. वॉकरमध्ये बाळ भलत्या वेगाने उंबऱ्यापर्यंत आणि पायरीपर्यंत पोचतं, म्हणून कॅनडाने 2004 सालीच त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. टीव्हीचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि पुढेही दिवसाला तासाभराच्या वर नको.

या वयात शिकवायचं काही नसतं, हाताळू द्यायचं असतं. कोणत्या वस्तू, किती, कशा मांडायच्या आणि आपण कुठे बसायचं, एवढंच आपलं काम. ते चोख झालं की बाकीचं मूल करतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंवर बालवाडी उभी केली, ते तुला माहीतच आहे. पण बालवाडीची मुलं थोडी मोठी, बोलणारी-चालणारी. त्याहून लहानांसाठी मला सगळ्यात उपयोगाची वाटते ती एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटिश शिक्षिकेची पद्धत. नुकतं बसायला लागलेल्या बाळासमोर घरगुती वस्तूंनी भरलेली एक टोपली ठेवायची, बस्स. खर्च फार नाही, पण काटेकोरपणा लागतो.

टोपली गोल, सपाट बुडाची, कान किंवा मूठ नसलेली हवी. व्यास साधारण 35 सेंमी आणि उंची 10 ते 12 सेंमी. बाळ एक हात काठावर टेकवून दुसऱ्या हाताने आत धुंडाळतं. टोपली उंच असेल तर हात तळाला पोचत नाही, हलकी किंवा लवचीक असेल तर काठावर भार पडताच कलंडते आणि बाळ तोंडावर पडतं. बुरुडाकडून करून घेतलीस तर काठाला जाड सुती पट्टी शिवून घे, नाहीतर बांबूचे बारीक तुकडे निसटून बोटांत शिरतात.

आत सुरुवातीला 25-30 वस्तू ठेव आणि दर आठवड्याला चार-पाच बदल. प्लॅस्टिक नको. प्लॅस्टिकच्या दहा वस्तू तोंडात घातल्या तरी चव, वजन, गारवा जवळजवळ एकच लागतो, बाळाला त्यातून काही नवं कळत नाही. स्टीलचं फुलपात्र, छोटी वाटी, चहाची गाळणी, पुरीचं लहान लाटणं, लाकडी पळी, छोटी रवी, काचकागदाने घासून गुळगुळीत केलेली करवंटी, मुठीत मावेल पण तोंडात जाणार नाही असा नदीतला गोटा, मोठा शंख, घोसाळ्याची वाळलेली जाळी, कडा शिवलेला खणाचा तुकडा, चामड्याचं जुनं पाकीट, वाळा भरून दुहेरी शिवलेली पुरचुंडी, धुतलेलं अख्खं संत्रं. बघ, यात गार-उबदार, जड-हलकं, खरखरीत-मऊ, वासाचं-बिनवासाचं सगळं आलं. पितळेचं काही ठेवशील तर हिरवट डाग चढलेलं नको. चकाकणारा रंग दिलेली जुनी लाकडी खेळणीही नकोत, जुन्या रंगात शिसं असू शकतं. विकतचं खेळणं घ्यायचंच झालं तर आयएसआय चिन्ह बघूनच घे. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे ते सक्तीचं आहे.

आता घशात अडकण्याबद्दल. इथे जराही सूट नको. लहान तुकडे तपासण्याच्या प्रमाणित नळकांड्याचा व्यास 31.7 मिमी असतो. ते मिळालं नाही तर टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घे, ती जरा रुंदच असते. तिच्यात जे अख्खं मावेल ते खोलीतून बाहेर. चेंडूंना नियम आणखी कडक आहे, 44.5 मिमीपेक्षा लहान चेंडू तीन वर्षांखाली नाही. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिमीचा असतो, म्हणजे तोही बाद. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, मणी, न फुगवलेले फुगे हे सगळं दाराबाहेर. गुंजा तर विषारीच. सगळ्यात जास्त भीती बटणाएवढ्या चपट्या सेलची. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. रिमोट, तापमापक, गाणारं ग्रीटिंग कार्ड, किल्लीचा दिवा यांत तो असतो. ज्याचं झाकण स्क्रूने बंद नाही अशी एकही वस्तू मुलांच्या खोलीत येता कामा नये. मदतनीस ताईंच्या पर्ससुद्धा वर, खुंटीला.

टोपलीभोवती एका वेळी तीनच बाळं बसव. पोट भरलेलं, झोप झालेली अशी वेळ निवड. सकाळी नऊ-साडेनऊ बरी पडते. ताईने हाताच्या अंतरावर, बाळाला दिसेल अशी, जमिनीवर बसायचं. फोन नाही, आपापसांत गप्पा नाहीत, आणि वस्तू उचलून बाळाच्या हातात देणंही नाही. ताईंना सर्वांत अवघड जाईल ते हेच. सात-आठ महिन्यांचं बाळ फुलपात्र उचलतं, काठ तोंडात घालतं, बाहेर काढून बघतं, दुसऱ्या हातात घेतं, सतरंजीवर आपटतं. आवाज दबका येतो. हात जरा बाजूला जाऊन फरशीवर आपटतो, खणकन आवाज येतो. ते थांबतं. पुन्हा सतरंजी, पुन्हा फरशी. नेमक्या त्या क्षणी कुणी ‘अरे वा, वाजतंय बघ!’ म्हणालं की मान वर होते आणि चाललेला शोध तुटतो. बाळाने आपणहून वर बघितलं तर मात्र हसून, दोन शब्द बोलून लगेच प्रतिसाद द्यायचा. त्याला एवढंच हवं असतं की माझं माणूस इथेच आहे.

असं वीस मिनिटं, कधी पाऊण तासही चालतं. बाळाने तोंड फिरवलं की टोपली उचलून ठेव. दिवसभर समोर राहिली तर दोन दिवसांत तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि मग लोक म्हणतात की या वस्तूंचा कंटाळा आला.

तोंडात गेलेल्या वस्तू वेगळ्या परडीत पडल्या पाहिजेत. धातू आणि दगड साबणाच्या गरम पाण्याने, कापड उकळून, लाकूड भिजत न घालता ओल्या फडक्याने पुसून मग उन्हात. तुमच्याकडे कोल्हापूरला पावसाळ्यात ऊन कुठलं! तेव्हा घोसाळ्याची जाळी आणि लाकडी वस्तू आठवडाभरात बुरसतात. जाळी सरळ फेकून नवी आण, लाकूड कोरडं करून खोबरेल तेलाचा हात फिरव. जून ते सप्टेंबर टोपलीत धातूचं प्रमाण वाढवलंस तर सोपं जाईल.

ज्या बाळाला अजून बसता येत नाही त्याला उशा लावून बसवू नकोस. बुडापेस्टच्या बालगृहात डॉक्टर एमी पिकलर यांनी आग्रहाने पाळलेला हा नियम आहे: बाळाला जी स्थिती स्वतःहून घेता येत नाही, त्या स्थितीत त्याला ठेवायचं नाही. उशांत रुतलेल्या बाळाचा सगळा जोर तोल सांभाळण्यात जातो, हात मोकळे राहत नाहीत, पडलेली वस्तू परत घेता येत नाही. त्याला घट्ट सतरंजीवर उताणं निजव. मऊ गादीवर कुशीवर वळायला आधार मिळत नाही. बाजूला साधारण 35 सेंमीचा सुती रुमाल मधून उचलून शंकूसारखा उभा ठेव. पहिलं खेळणं म्हणून याच्यासारखं दुसरं नाही. पकडायला सोपा, तोंडावर पडला तरी लागत नाही. नजर मात्र सतत हवी आणि डोळा लागला की रुमाल उचलायचा. स्थितीच्या त्या नियमाला अपवाद एकच: रांगत नसलेल्या बाळांना जागेपणी पालथं घालायचंच, दिवसभरात मिळून निदान अर्धा तास, पण दोन-तीन मिनिटांच्या हप्त्यांनी सुरुवात करून.

वर्षाची झाली की मुलं टोपलीजवळ बसून राहत नाहीत. आता भरणं, ओतणं, ओढणं, इकडचं तिकडे नेणं सुरू होतं. यांच्यासाठी गोल्डश्मीडबाईंचाच दुसरा प्रकार आहे, पिशव्यांचा. दोरीच्या नाडीच्या पंधराएक कापडी पिशव्या शिव, प्रत्येकीत एकाच जातीच्या 50-60 वस्तू. कागदी टॉवेलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, लाकडी पडदाकड्या, स्टीलच्या बांगड्या, लोणच्याच्या बरण्यांची मोठी झाकणं, साखळ्यांचे तुकडे, लोकरीचे मुठीएवढे गोळे, मोठे बूच, रिबिनी. शिवाय दूधपावडरचे भरपूर रिकामे डबे. डब्यांची कड बोट फिरवून बघ, धार लागली तर हातोडीने ठोकून आत दुमड. साखळी आणि रिबीन 20 सेंमीपेक्षा लांब नको, गळ्याला फास बसू शकतो. पाण्याच्या बाटलीची झाकणं नळीत उतरतात, ती नकोत. पिशव्यांच्या नाड्याही लांब असतात, म्हणून मांडणी झाली की पिशव्या खुंटीला. मुलांच्या हाती त्या आवरताना, ताई धरून असतानाच.

एवढ्या वस्तू कशाला, असं तू विचारशील. दीड वर्षाच्या मुलाला वाटून घेणं जमत नाही, आणि ते न जमण्यात त्याचा दोष नाही. एकच गाडी असली की ओढाओढ, मग चावा. वस्तू मुबलक असल्या की तासभर आठ मुलं एका खोलीत आपापल्या उद्योगात असतात. चावण्याच्या तक्रारी वाढल्या तर मुलाला दटावण्याआधी वस्तू मोज.

मुलं येण्याआधी सामान छोट्या ढिगांत मांडून ठेव: दोन डबे, शेजारी साखळ्या, पलीकडे नळ्या आणि कड्या. दिवसाला चार-पाचच पिशव्या. आठ मुलांमागे दोन ताया, खोलीच्या कडेला बुटक्या स्टुलांवर. त्यांचं काम विस्कटलेले ढीग हळूच पुन्हा लावत राहणं. चौदा महिन्यांचं पोर साखळी डब्यात सोडतं, खळ्ळ आवाज ऐकतं, डबा उपडा करतं. मग तीच साखळी नळीत घालायला बघतं. साखळी मऊ, वळते, काठावरच अडते. बोटाने ढकलतं, नळी हातातून सुटते. आपल्याला राहवत नाही, आपण नळी धरायला जातो. धरू नकोस. थोड्या वेळाने ते नळी जमिनीवर उभी करून वरून साखळी सोडायचा प्रयत्न करतं, आणि ही युक्ती त्याची स्वतःची असते.

शेवटची पंधरा मिनिटं आवरण्याची, आणि बोलण्याची खरी वेळ तीच. ताई पिशवी उघडी धरून म्हणते, ‘साखळी आण. आणखी एक आहे, खुर्चीखाली.’ शब्द, जागा, संख्या सगळं हातातल्या कामासोबत कानांवर पडतं. बोलल्यावर पाच-सात सेकंद थांबायला ताईंना शिकव. लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकतो. घाई म्हणून मोठ्यांनीच भरभर आवरलं तर या प्रकारातला अर्धा जीव जातो.

पाणी जरूर ठेव, परातीत, 3 सेंमीच्या वर नाही. पाच सेंमी पाण्यातही बाळ बुडू शकतं, म्हणून ताईचा हात पोचेल एवढ्या अंतरात आणि खेळ संपताक्षणी परात पालथी. न्हाणीघरात भरलेली बादली कधीच नको. कणीक रोज ताजी, बिनमिठाची मळ. मिठाचं प्रमाण भरपूर असलेला तो खेळण्याचा गोळा या वयात नको, मुलं खातात. खेळायला डाळ-तांदूळ नकोतच, नाकाकानांत जातात.

दोन ते तीनच्या मुलांसाठी फार लिहीत नाही, तुझा हात त्यात बसलेला आहे. खरी छोटी भांडी, ओढण्या, पुठ्ठ्याची खोकी, एखादी दोन पायऱ्यांची चढण, अंगणातली माती, एवढं भातुकलीला पुरतं.

पालक पहिल्या महिन्यातच विचारतील, ‘काय शिकवलं?’ त्यांच्यासाठी प्रत्येक मुलाची एक वही ठेव. रोज एकच ओळ: तारीख, वस्तू, किती वेळ, काय केलं. ‘कौतुकास्पद प्रगती’ असलं काही लिहायचं नाही, ‘झाकण डब्यावर बसवायचा प्रयत्न नऊ मिनिटं’ असं लिहायचं. पालकसभेत 2024 च्या ‘नवचेतना’ या केंद्र सरकारच्या आराखड्याचा उल्लेख कर. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यागणिक घरी करायच्या 140 कृती त्यात दिल्या आहेत. घरातलीच भांडी, आजीची बडबडगीतं आणि लपाछपी म्हणजेच शिक्षण, हे सरकारी कागदावर दिसलं की पुष्कळ आईबापांचा जीव भांड्यात पडतो.

वर्षाच्या आतल्या बाळांना तीनमागे एक ताई, याच्या खाली उतरू नकोस, फी वाढवावी लागली तरी चालेल. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्यांसाठी तोच नियम आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे.

दोन्ही खोल्यांची लांबी-रुंदी, खिडक्या कुठे आहेत आणि नळ कोणत्या भिंतीला आहे, तेवढं कळव. रांगणारी आणि धावणारी मुलं वेगळी ठेवायला मधे किती उंचीची फळी लागेल, ते त्यावरून ठरवता येईल. आणि सुताराला आधीच सांगून ठेव, फळीच्या कडा गोल हव्यात.

तुझी,
मृणाल