हंगामाच्या सणाचा उपदेश

प्रिय आशू,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझ्या उपदेशाचा व्हिडिओ मीनाकाकूंनी पाठवला. तुझ्याकडून नाही आला, हे असू दे. दोन मिनिटांचा तुकडा आहे. वेदीपुढे लाल भोपळे, उसाची मोळी, पाय बांधलेला कोंबडा, आणि तू बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याचा पाचवा अध्याय वाचतोयस. देवाला तुमच्या सणांचा तिटकारा आहे, तुमच्या गाण्यांचा गोंगाट बंद करा. तेही हंगामाच्या सणाला, अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू व्हायच्या तोंडावर! खरं सांगते, मला आधी हसूच आलं. पप्पांना नाही आलं.

वॉचमनच्या थकलेल्या पगाराचं आणि नव्या साउंड सिस्टिमचं तू पुलपिटवरून बोललास, ते त्या तुकड्यात नाही. ते तुझ्याच तोंडून फोनवर कळलं. चर्चची कमिटी तुझी बदली मागतेय हेही. मग तू पप्पांना म्हणालास, ‘तुम्हीपण त्यांच्यातलेच,’ आणि फोन ठेवलास. त्यावर मी काही लिहिणार नाही. ते आज गच्चीवर चढून पत्रे नीट करतायत. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. तू कुणावर गेलायस ते उघड आहे.

मला एवढंच विचारायचं होतं की तिथे तुझ्याबरोबर कोण आहे? जेवतोस कुणाकडे?

तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. आवाज चढवला नाहीस, हातवारे नाहीत. न्याय पाण्यासारखा वाहू द्या, ते वचन तर पुढच्या ओळीत काय आहे हे ठाऊक नसल्यासारखं वाचलंस. मला अभिमान वाटला. बदलीचं म्हणशील तर आमोसाचीही मागितलीच होती. बेथेलचा याजक अमस्या त्याला म्हणाला, यहूदात जा, तिकडे भाकर खा आणि तिकडेच संदेश दे, हे राजाचं पवित्रस्थान आहे. आणि राजाला कळवलं की याचं बोलणं देशाला सोसवत नाही. आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबराची झाडं राखणारा, परमुलखात आलेला. त्याने साफ सांगितलं, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगा नाही, मला देवाने कळपामागून उचललं.

पण आशू, हे सातव्या अध्यायातलं पुढचं झालं. अमस्या येण्याआधी त्याच अध्यायात काय आहे ते बघ. देव आमोसाला टोळ दाखवतो, सगळं हिरवं खाऊन टाकणारे. आमोस गयावया करतो, प्रभू, क्षमा कर, याकोब, म्हणजे इस्राएल, कसा निभावेल, तो लहान आहे. मग आग दाखवतो. पुन्हा तेच, थांब, याकोब लहान आहे. ज्यांच्या सणांना त्याने तोंडावर नावं ठेवली, त्यांच्यासाठी त्याने आधी देवापाशी पदर पसरला होता. तू कमिटीच्या सेक्रेटरी साहेबांसाठी तसं मागितलंस का? पुलपिटवर जायच्या आधी, एकट्याने? हो म्हणालास तर मी गप्प बसेन.

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. माफ कर. तुला सेमिनरीत हे सगळं शिकवलंय आणि मी संडे स्कूलची टीचर.

मोठी आई आठवते का तुला? तू फार लहान होतास. मिशनच्या काळात ती खेडोपाडी शास्त्र वाचून दाखवायला जायची. म्हातारपणी ओट्यावर बसून मला वाचायला लावायची, आणि स्वतः सुपात ज्वारी निवडायची. यिर्मया संदेष्ट्याचा अडतिसावा अध्याय आला की सूप खाली ठेवायची. यिर्मयाला विहिरीत टाकलंय, पाणी नाही, नुसता चिखल, आणि तो त्यात रुततोय. सरदारांनी टाकलंय, राजा सिद्कीया म्हणतो तुमच्यापुढे माझं काय चालणार. तेव्हा राजवाड्यातला तो कूशी, एबद-मलेख, परका माणूस, राजाला वेशीपाशी गाठून तोंडावर सांगतो की या लोकांनी वाईट केलंय. माणसं घेतो, दोर घेतो. आणि वाटेत कोठाराखालच्या खोलीत शिरून फाटक्या चिंध्या, जुने कपडे गोळा करतो. का? दोर काखेत रुतू नयेत म्हणून. वरून सांगतो, आधी हे काखेत धरा, मग दोर. मोठी आई म्हणायची, सरदारांची नावं विसरलीस तरी चालेल, त्या चिंध्या विसरू नकोस. मग पुन्हा तेवढंच वाचायला लावायची.

म्हणून विचारते की तिथे तुझ्याबरोबर कोण आहे? यिर्मयाच्या आधीच्या खटल्यातही देशाचे वडील उठले होते. त्यांनी आठवण दिली की मीखा संदेष्ट्याने सियोन, म्हणजे यरुशलेम, नांगरली जाईल असं सांगितलं, तरी हिज्कीया राजाने त्याला मारलं नाही, उलट देवाला भ्याला. आणि यिर्मयाचा लेखनिक बारूख होताच. राजा यहोयाकीम शेगडीपुढे बसून यिर्मयाच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून कापून जाळत होता, तीन सरदार नको नको म्हणत होते, तरी ऐकलं नाही. बारूखने सगळं पुन्हा लिहून काढलं, यिर्मया सांगत गेला, आणखी भर पडली. तुझ्या मंडळीत असा एखादा तरी असेलच. बघ जरा. सगळे विरोधात आहेत असं तू म्हणालास, तसं कधीच नसतं.

भांडण वाढवू नकोस. यिर्मया बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. खोटा संदेष्टा हनन्या सगळ्यांसमोर म्हणाला, दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया काय बोलला? आमेन, परमेश्वर तसं करो. मग हनन्याने ते जू मोडलं, तरी यिर्मया निघून गेला. लाकडी मोडलं, आता लोखंडी जू येईल, हे तो नंतर बोलला, देवाने सांगितल्यावर. तू त्याच संध्याकाळी ग्रुपवर उत्तर टाकलंस. मीनाकाकूंनी तेही पाठवलंय. ते यिर्मयाचं नव्हतं, तुझं होतं.

बघ, पुन्हा. हे खोडून टाकणार होते, पण राहू दे. बाळ, ती माणसं मोठी आहेत, त्यांचे हात वरपर्यंत पोचतात, आणि तू अजून पाळक म्हणून कन्फर्मही झालेला नाहीस. रात्री झोप लागत नाही मला. रूथ म्हणते तू उगाच घाबरतेस. तिचं बाळ बसायला लागलंय, तुला फोटो पाठवलाय म्हणाली.

पप्पा शनिवारी तिकडे येणार आहेत. तुझ्याशी बोलायला नाही, बँकेचं काम आहे, असं त्यांनीच सांगितलंय. जेवण चांगलं कर. त्यांच्याबरोबर चिवडा आणि चटणी देते, अर्धं त्या वॉचमनच्या घरी दे. आणि त्याला पगार मिळाला का? एवढ्या गडबडीत ते कुणीच सांगत नाही. तेवढं आधी कळव.

तुझी,
आई