नारोशंकराची घंटा आणि रुळाचा तुकडा

प्रिय बंड्या,

तुझं पत्र जूनमध्ये आलं आणि मी उत्तराला बसलोय डिसेंबरात. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

मे संपता संपता, रोहिणी लागल्या त्याच आठवड्यात, संध्याकाळी आमच्याकडे, नवापूरच्या बाजूला, वादळ आलं. उणीपुरी दहा मिनिटं. चर्चचं छप्पर अख्खं उचललं गेलं आणि शेजारच्या शेतात जाऊन पालथं पडलं. मागची त्रिकोणी भिंत वेदीवर आली. तू दुपारी ज्या बाकावर घोरत पडला होतास ना, त्याचे दोन तुकडे. शनिवार होता म्हणून माणसं वाचली.

आमच्या धर्मग्रामाचं (म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचं) वसईकडच्या एका धर्मग्रामाशी जुनं नातं आहे, हे तुला ठाऊक आहे. फादरांनी फोन केला आणि आठवड्यात निरोप आला: नवं आरसीसी चर्च बांधून देतो, ठेकेदार आमचा, तुम्हाला काही करावं लागणार नाही. खोटं कशाला बोलू, मला तर हायसं वाटलं. बैठकीत मी ते वाचून दाखवलं, तर सगळे गप्प. मग कोपऱ्यातली म्हातारी (तुला मोहाची फुलं चाखायला देणारी तीच) आमच्या मावची बोलीत बोलली. मराठीत सांगायचं तर, ‘चांगलं आहे. म्हणजे आता आपण तिथं पाहुण्यासारखं जायचं?’

फादरांनी हे वाक्य जसंच्या तसं वसईला कळवलं. मी म्हटलं, झालं, रुसले आता. पण पावसाळाभर आम्ही ताडपत्रीखाली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ऐकली आणि ऑक्टोबरात वसईहून ठेकेदाराऐवजी एक निवृत्त मिस्त्री आणि चार पोरं आली. नवापूर स्टेशनावरचा तो अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत असलेला बाक दिसल्यावर पोरं फोटो काढत बसली. मिस्त्री सामानापाशी उभे. हातात सुकेळीचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा, पुडा. खान्देशात केळी घेऊन आलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला!

दोन दिवस त्यांनी थापीला हात लावला नाही. उडालेले पत्रे उलटसुलट करून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून एका भोकावर बोट ठेवलं. भोक गोल नव्हतं, लांबट फाटलेलं होतं आणि कडा खालच्या बाजूला वळलेल्या होत्या. म्हणाले, ‘गुरुजी, लोकांना वाटतं वारा छप्पर ढकलतो. तो वरून ओढतो. दाराखिडक्यांतून आत शिरलेला खालून उचलतो तो वेगळाच. कडेचे पत्रे आधी सुटतात, मग बाकीचे त्यांच्यामागे.’ तौक्ते वादळात, मे २०२१ मध्ये, त्यांच्याकडची छपरंही अशीच गेली होती. मग विचारलं, ‘कैच्या, छप्पर पेलणारे ते त्रिकोणी सांगाडे, भिंतीला कशाने बांधल्या होत्या?’

कशानेच नाही रे. नुसत्या टेकवल्या होत्या. कौलं काढून पत्रे घातले तेव्हा देखरेख माझी होती आणि बोल्टांचे पैसे वाचवणारा शहाणाही मीच. कौलं जड, शिवाय सुटी. वाऱ्याने चार उडाली तर चार बसवायची. पत्रा हलका आणि एकसंध. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी मिस्त्रींना खरं सांगितलं. ते ‘हं’ म्हणाले आणि पट्टी काढून मापं घ्यायला लागले.

आता भिंतींच्या डोक्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा फिरवलाय, त्यात बोल्ट आधीच पुरलेत आणि कैच्या त्यांना आवळल्यात. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, खाली रबरी वॉशर. कडेला आणि मोभाजवळ दाट. पत्रा भिंतीबाहेर दीड फुटाच्या वर काढायचा नाही, यावर मिस्त्री हटून बसले. लोखंड, सिमेंट, पत्रे वसईचे. वाळू, विटा आणि हात आमचे, घरटी एक माणूस, इर्जिकीसारखे, म्हणजे शेतात एकमेकांच्या मदतीला फुकट जातात तसे. फक्त भात कापणीला आलं तशी माणसं दुपारनंतरच यायची. मिस्त्री चिडायचे, मग नवापुरी तूरडाळ आणि भाकरी पुढे आली की निवळायचे.

आणि घंटा! वसईकरांनी पितळी घंटा पाठवली. तुला आठवतं, नाशिकच्या वसतिगृहात माझ्या आवाजावरून तू मला नारोशंकराची घंटा म्हणायचास? नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली ती घंटा मूळची पोर्तुगीजांचीच. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चांच्या घंटा मराठ्यांनी नेऊन देवळांत टांगल्या. भीमाशंकरलाही एक आहे. मी मिस्त्रींना म्हटलं, तेव्हा न विचारता नेल्या, आता तुम्ही आपणहून टेम्पोत घालून पाठवताय. ते इतके हसले की शिडी धरून उभं राहावं लागलं.

पण म्हातारीला लिंबाला घंटेसारखा टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडाच हवा. त्याच्यावर शाळाही भरायची आणि आग लागली तरी तोच वाजायचा. वादळात लिंब मोडला, तुकडा चिखलात सापडला. तूर्त घंटा दाराशी आणि तुकडा नव्या खांबाला, असं ठरलंय. रविवारी आधी तुकडा वाजतो, कारण म्हातारी सगळ्यांच्या आधी येते.

२४ तारखेला रात्री मिस्सा आहे, वसईची मंडळीही येताहेत. तू ये. थंडी मरणाची असते, घोंगडी आण. बाकाच्या महाराष्ट्राच्या अर्ध्यावर मी बसलेला असेन.

तुझा,
घंटा