चार वाजेपर्यंत शटर बंद

फोंडा, गोवा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

गोवा म्हणजे परदेश नव्हे, पण आई शेजाऱ्यांना "तो परमुलखात असतो" असं सांगते म्हणे, तर पत्रही तसंच घ्या. तब्येत उत्तम. खोली गळत नाही. मासे रोज खात नाही, आणि दारूचं विचारू नका, मी त्यातला नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

इथली एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. दुपारी एक वाजला की मालक दुकानाचं शटर ओढतात ते थेट चारला उघडतात. आमचंच नव्हे, आजूबाजूच्या बहुतेक दुकानांचं तेच. पहिल्या दिवशी मला वाटलं, पेठेत कुणीतरी वारलं. परवा एक गिऱ्हाईक गळकी तोटी हातात धरून दारात उभं, घरी पाणी वाहतंय, तरी मालक म्हणाले, "मागीर यो", म्हणजे नंतर ये. आणि तो माणूस चिडला नाही हो! "बरें" म्हणून निघून गेला, बहुधा तोही झोपायलाच. मालकांचा शीत-कडी खाऊन डोळा लागतो. मी मागच्या खोलीत सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर पडतो. आधी झोप येत नसे.

कारण तेच माझे शेअर बाजारात पैसे घालवायचे तास होते. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनच्या सौद्याची मुदत संपायच्या दिवशी दीड ते साडेतीन. प्रीमियम, म्हणजे ऑप्शनला मोजलेली किंमत, डोळ्यांदेखत वितळायचा, मी पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करत जायचो. ४ जून २०२४ तुम्हाला निकालाचा दिवस म्हणून आठवत असेल. आदल्या दिवशी एक्झिट पोलवर बाजार उसळला, म्हणून मी कॉल, म्हणजे बाजार चढला तर फायदा देणारे ऑप्शन, घेऊन बसलो होतो, आणि निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के आपटला. तेही सोसलं असतं. बुडालो ते पुढच्या चार महिन्यांत, भरून काढायच्या नादात. दहाचे पाच व्हायला पन्नास टक्के पुरतात, पाचाचे दहा करायला शंभर लागतात, हे मी हिशेबनीस असून विसरलो.

बाबा, "पुन्हा सुरू केलंस का?" हे दर फोनला विचारू नका. नाही केलं. खात्यातला एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शनचा सेगमेंटच बंद करून घेतलाय. बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सांगितलं होतं की तीन वर्षांत त्यात उतरलेल्या १०० पैकी ९३ जणांचं नुकसान झालं. तेव्हा मी उरलेल्या सातांत होतो, माझ्या मते. आयकराचा रिटर्न मुदतीत भरलाय, तोटा पुढच्या नफ्यातून वजा करायला आठ वर्षं पुढे ओढता येतो. पगारातून मात्र वजा होत नाही, धंद्याचा नफा लागतो. म्हणजे सवलत वापरायची तर मला पुन्हा त्याच वाटेला जावं लागेल. हसू नका.

चारला उठल्यावर निफ्टी कुठे बंद झाला ते बघतो. फक्त बघतो.

या महिन्याचे नऊ हजार पाठवलेत. त्यातले पाच बँकेत भरा, दिवाळीपर्यंत आईची गहाण पडलेली एक तरी पाटली सुटेल. ताईच्या बाळाच्या जावळाला मी येईन, पण आहेर तुम्हीच माझ्या नावाने करा, पुढच्या महिन्यात देतो.

निपाणीच्या स्थळाला "गोव्यात कंपनीत आहे" असं सांगितल्याचं काकू म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितो, असं सांगा. कर्जाचा आकडाही सांगा, तीन लाख ऐंशी हजार. नाही म्हणाले तर म्हणू देत. मुलीला नंतर कळण्यापेक्षा बरं. पत्रिका जुळते का तेवढं आधी बघून घ्या, नाहीतर उगीच आकडा सांगून बसाल.

आई, पाटल्या नसल्या की भांडी घासताना हात मोकळे वाटतात, असं तू फोनवर म्हणालीस. असं नको म्हणत जाऊस.

तुमचा,
बाळू