पातेऱ्यात उतरणाऱ्या पायांसाठी: गोव्यातील सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यांचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

काजूला मोहोर धरला आहे. थोड्याच दिवसांत भाटात, म्हणजे काजूच्या बागेत, पहिली बोंडे पडू लागतील, फेणीच्या भट्ट्या लागतील आणि उजाडायच्या आत आमच्या बायका पाटी घेऊन डोंगर चढतील. हे आवाहन त्यांच्या पायांसाठी आहे. ज्या महिन्यांत काजू पिकतो, त्याच महिन्यांत गोचिडीची पिल्ले पातेऱ्यात, म्हणजे गळून साचलेल्या पानांत, वाट बघत असतात आणि त्यांच्यातूनच माकडताप येतो.

माकडताप आपल्याला नवा नाही. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला, म्हणून डॉक्टर त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज म्हणतात. २०१५ साली तो आपल्या सत्तरीत पाली गावात आला. पुढच्या वर्षी म्हाऊस, कोपार्डे, झर्मे या गावांत रुग्ण सापडले आणि त्याच हंगामात सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यात केर गावातही ताप पोचला. तेव्हा प्रत्येक घरात याचीच चर्चा होती. मग रुग्ण कमी झाले आणि आपण हळूहळू विसरलो. गोचीड मात्र गेलेली नाही.

तिचे वर्ष कसे चालते ते नीट समजून घ्या. पावसाळ्यात मोठी गोचीड गुरांच्या अंगावर रक्त पिऊन टच्च फुगते, खाली गळते आणि ओलसर पातेऱ्यात अंडी घालते. एक मादी हजारोंनी अंडी घालते. पाऊस सरला की त्यांतून सहा पायांच्या बारीक अळ्या निघतात आणि उंदीर, खार, पक्षी, माकड असे जे जनावर जवळ येईल त्याला चिकटतात. आजारी जनावराचे रक्त पोटात गेले की विषाणूही आत जातो. अळीचे पिल्लू झाले की त्याला आठ पाय फुटतात, आणि मार्गशीर्ष-पौषापासून वैशाखापर्यंत माणसाला चावते ते हेच पिल्लू. ते तिळाहूनही लहान असते. आमच्या वाड्यावरच्या एका काकींनी पोटरीवरचा ठिपका नखाने खरवडून बघितला तेव्हा त्या म्हणाल्या, "तीळ दिसलो, पूण पांय हालयतालो." चावताना ते दुखत नाही, त्यामुळे चावल्याचे कळतही नाही.

काजूचे भाट त्याला फारच मानवते. काजूचे पान जाड, लवकर कुजत नाही. खाली घोट्यापर्यंत पातेरा साचतो, वर गर्द सावली, त्यामुळे उन्हाळ्यातही तळाशी ओल टिकते. वर बोंडे खायला वांदर आणि लाल तोंडाची माकडे येतात. त्यांच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात. आणि त्याच पातेऱ्यात आपण अनवाणी नाहीतर रबरी चपलांनी वाकून बोंडे वेचतो, बी पिळून काढतो, दुपारी त्यावरच बसून जेवतो. गोठ्यात अंथरायला पातेरा भारा बांधून डोक्यावरून घरी आणतो, म्हणजे गोचीड आपणच उंबऱ्यापर्यंत आणतो.

गेल्या हंगामात त्याच काकींना अचानक सणकून ताप भरला. कपाळ फुटेल असे दुखत होते, कंबर आणि पोटऱ्या धरल्या होत्या. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात इंजेक्शन दिले, अंगदुखीच्या गोळ्या दिल्या आणि उन्हाचा ताप म्हणून परत पाठवले. काजूत जाता का, हे कोणी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही, कारण सांगायचे असते हे त्यांना माहीत नव्हते. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त आले. रात्री शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी घालून वाळपईच्या सरकारी दवाखान्यात नेले, तिथून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. त्या वाचल्या. पण घरी आल्यावर दोन महिने विहिरीवरून कळशी उचलवत नव्हती, आणि तो सबंध हंगाम बुडाला. त्या पिकअपमध्ये आम्ही बसलो होतो. पहिल्या दिवशी नेले असते तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

या आजारावर विषाणू मारणारे नेमके औषध नाही. कर्नाटकात पूर्वी देत ती लस आता देत नाहीत. सलाईन, ताप उतरवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, हाच उपचार, आणि तो वेळेवर झाला तर बहुतेक माणसे बरी होतात. शंभरातली तीन ते पाच दगावतात. काहींना ताप उतरून आठ-दहा दिवस बरे वाटते आणि मग तो पुन्हा उलटतो, या वेळी मान आखडणे, चक्कर, भ्रम अशी लक्षणे घेऊन. म्हणून ताप गेला म्हणजे सुटलो असे समजू नका. आणि एक गोष्ट सगळ्यांना सांगा: माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. रुग्णाच्या घरी पाणीही न पिणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसे करू नका, त्या घराला आपली गरज असते.

आता आम्हाला काय हवे आहे ते सांगतो. काजू सोडा असे आम्ही कोणाला सांगू शकत नाही. वर्षाची शाळेची फी, घराची कौले, मुलीचे लग्न, सगळे याच चार महिन्यांवर चालते. तेव्हा भाटात जायचेच आहे, तर पाय झाकून जाऊ द्या.

सर्वांत आधी गमबूट. गुडघ्यापर्यंतचे, साधे, पावसाळ्यात शेतकरी वापरतात ते. त्यांच्याबरोबर लांब मोजे, ज्यांत पँटचे किंवा सलवारचे टोक खोचता येईल. पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट चालतील, पण फिकट रंगाचे द्या, गडद कापडावर गोचीड दिसत नाही. बारीक टोकाचे चिमटे प्रत्येक घराला एक हवेत. अंगाचा आणि कपड्यांचा साबण कितीही आला तरी पुरणार नाही. पणजी, म्हापसा, फोंडा, मुंबई इथे नोकरीला असलेल्या आमच्या मुलामुलींनी आपापल्या वाड्याची जबाबदारी घ्यावी, असे वाटते. जे भाटकार, म्हणजे बागांचे मालक, आपली भाटे दुसऱ्यांकडून वेचून घेतात, त्यांनी आपल्या कामकऱ्यांचे बूट स्वतः घ्यावेत. हे दान नाही, कामाच्या हत्यारासारखीच ती गरज आहे. बाहेरगावाहून हंगामापुरती येणारी माणसेही त्यात धरा.

दुसरी गरज गाडीची. १०८ ला फोन करायचाच, पण काही वाड्यांवर फोन लागत नाही. ज्यांच्याकडे जीप किंवा पिकअप आहे त्यांनी रात्रीची पाळी लावून द्यावी. डिझेलचा खर्च मंडळ देईल. रोख रक्कम आम्ही फक्त या डिझेलसाठी घेतो, पावती देतो, आणि जमाखर्च दर महिन्याला पंचायतीच्या फलकावर लावतो.

तिसरी गरज वेळेची. दर रविवारी दोघे-दोघे मिळून घरोघरी जायचे आहे: ताप कोणाला आहे, गुरांच्या कानात-कासेत गोचिडी आहेत का, भाटात मेलेले माकड दिसले का. पौषात धालोच्या मांडावर, म्हणजे बायकांच्या गाण्या-नाचाच्या उत्सवाच्या जागी, सगळ्या बायका जमतात, तिथे अर्धा तास आम्हाला बोलू द्यावे, अशी मांड सांभाळणाऱ्या मांडकरणींना विनंती आहे. चिमट्याने गोचीड कशी काढायची ते तिथेच दाखवू: कातडीला लागून तोंडाजवळ धरायची, सरळ वर ओढायची, जागा साबणाने धुवायची. रॉकेल ओतू नका, विडीने चटका देऊ नका, नखांत चिरडू नका. भाटातून आल्यावर आधी अंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि एकमेकांच्या मानेमागे, काखेत, गुडघ्यामागे बघणे. भाटात जाण्याआधी अंगाला लावायचे गोचीड पळवणारे तेल आरोग्य केंद्रात मागा. मागणारे वाढले की पुरवठाही वाढतो. ताप आला तर पहिल्याच दिवशी जा, "मी काजूत जातो" हे कोणी न विचारताही सांगा, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पॅरासिटामोलखेरीज दुखण्याची दुसरी गोळी घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

मेलेल्या माकडाबद्दल थोडे सांभाळून लिहितो. आपल्याकडे माकड मेले की त्याला मारुतीचे मानून हार घालून, नारळ ठेवून पुरतात. ती भावना आम्हालाही आहे. पण माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आसपासच पसरतात, आणि खांदा देणारेच त्यांना सापडतात. म्हणून हात जोडा ते लांबूनच. जवळ जाऊ नका, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा. ते येऊन तपासणीसाठी नमुने घेतात आणि भोवतालच्या जागेवर औषध मारतात. गावात ताप येण्याआधी बरेचदा माकडे मरतात, त्यामुळे हा निरोप जितका लवकर जाईल तितके बरे. आणि कृपा करून माकडांना मारू नका, तीही याच आजाराने मरत आहेत.

गवळी-धनगर बांधवांना वेगळी विनंती: गुरांना गोचिडीचे औषध पशुवैद्यांच्या सल्ल्याने लावून घ्या, गोठा एकत्र साफ करायला आमची मुले येतील.

वस्तू देवळाच्या सभामंडपात रोज संध्याकाळी सहा ते आठ स्वीकारल्या जातील. बुटांबद्दल एक सांगणे आहे. मागच्या वेळी ज्यांनी दिले त्यांनी मनापासून दिले, पण बहुतेक जोड नऊ आणि दहा नंबरचे होते. बायकांना ते होईनात, आणि त्या पुन्हा चपला घालून गेल्या. आम्हाला साठ जोड हवे आहेत, त्यातले चाळीस तरी चार, पाच आणि सहा नंबरचे द्या.

आपले,
ग्रामस्थ व महिला मंडळ, सत्तरी