विसावा हिस्सा

इंदोरा, नागपूर

ती. आई-बाबा,
जय भीम.

बाबा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे सध्या तुम्हाला वाचायचं नाही, म्हणून हे पत्र दादाने वाचून दाखवायचं आहे. दादा, मधलं काही गाळू नकोस.

हैदराबादची बढती नाकारली हे फोनवर सांगितलं, तेव्हा आई रडली आणि बाबा म्हणाले, "बाबासाहेबांनी येवल्यात 1935 ला घोषणा केली अन् दीक्षा घेतली 1956 ला. 21 वर्षं अभ्यास केला. तू तीन आठवडे तरी विचार करायचा." तेव्हा मला उत्तर सुचलं नाही.

परवा कपाटातला तुमचा स्टीलचा डबा काढला. पैसे केव्हाच विहारात गेलेले, चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्यात. तारीख, पगार, खाली त्याचा विसावा भाग. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी इथल्याच भाषणात बाबासाहेबांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं, ते तुम्ही नोकरीभर पाळलं. लहानपणी मला या डब्याचा फार राग यायचा. माझी सायकल वर्षभर लांबली ती याच्यापायी! पण सगळ्या चिठ्ठ्या पगाराच्याच तारखेच्या निघाल्या. महिनाअखेरीस उरलंसुरलं तुम्ही कधी टाकलंच नाही. (500 ची एक जुनी नोटही सापडली, नोटाबंदीत राहून गेलेली. तशीच ठेवली आहे.)

मी मात्र विहारातल्या अभ्यासिकेला उरलेला वेळ देत आले, आणि तो उरायचाच नाही. 24 तासांचा विसावा भाग काढला, 72 मिनिटं आली. दहावीची पोरं रात्री 8 ते 9 गणिताला बसतात, जाण्यायेण्याची 12 मिनिटं. हिशेब इतका नेमका जुळला की एकटीच हसले. हैदराबादेतही 72 मिनिटं काढता आली असती म्हणा, पण ही पोरं तिथे कुठून आणू? मध्ये दोन दिवस गेले नाही, तर अपूर्णांकांना घाबरणारी एक मुलगी म्हणाली, "ताई, काऊन नाही आल्या? मला वाटलं तुम्हीबी सोडलं." हे 'बी' मला फार लागलं.

ऑफिसमधली मैत्रीण विचारते, तुमच्यात देव नाही, नवस नाही, मग असा निर्णय कोणाच्या भरवशावर घेता? मी पंचशील म्हटलं. तिला पटलं नाही, आणि मलाही ते पाठ केल्यासारखं वाटलं. डब्याबद्दल सांगायला हवं होतं.

बाबा, 21 वर्षांचं तुमचं बरोबर. पण दीक्षेनंतर बाबासाहेबांना 53 च दिवस मिळाले. आणि अभ्यासिकेचं माझ्या डोक्यात कॉलेज सुटल्यापासून आहे. त्याला 11 वर्षं झाली, तीन आठवडे नाही.

आई, पैशाचं तुझं म्हणणं खोटं नाही. बढती घेतली असती तर पुढच्या पावसाळ्याआधी गच्चीचं काम झालं असतं. आता बहुतेक परत बादल्या ठेवाव्या लागतील. याचं मला वाईट वाटतं, उगाच नाही कशाला म्हणू?

दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायला बाबांच्या जागी मी उभी राहते आहे. आई, मोठा गंज कुठे ठेवलाय तेवढं दादाला सांग, तो मेसेज करेल.

तुमची,
धाकटी