खिडकी, छत आणि आरोग्य

संपादक महोदय,

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तरी आपल्या नव्या इमारती मात्र हवा-उजेडाचा विचार न करता उभ्या राहत आहेत, आणि याची किंमत आपले शरीर व मेंदू मोजत आहे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खोलीत सोडत राहतो. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे तापमान उतरावे लागते, ते उतरत नाही, आणि अपुऱ्या झोपेने चिडचिड, ताण व रक्तदाब वाढतो. जाड मातीच्या भिंतींची जुनी धाब्याची घरे या बाबतीत निश्चितच शहाणी होती.

१९८४ साली अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास मांडला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या तितक्याच रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

अलीकडेच एका रुग्णालयात मी पाहिले, की वॉर्डाची खिडकी बाहेरून जाहिरातीच्या फलकाने झाकली होती, भरदुपारी ट्यूबलाइट जळत होत्या आणि एक वृद्धा परिचारिकेला ‘उजाडलं का?’ असे विचारत होती.

नगरपालिका व महापालिकांनी निदान रुग्णालये आणि शाळांचे नकाशे मंजूर करताना खेळती हवा, नैसर्गिक उजेड, छताचे उष्णतारोधन आणि खिडकीसमोर झाड यांची काटेकोर तपासणी करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, जळगाव